अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर

बालकांच्या अतिदक्षता विभागाचे दार बंद असते. आत श्वसनयंत्राला जोडलेले लेकरू, बाहेर बाकावर आईवडील आणि गावाहून धावत आलेले आजी-आजोबा. सकाळचे डॉक्टर ‘सुधारणा आहे’ म्हणतात, रात्रीचे ‘सांगता येत नाही’ म्हणतात. दोघेही खोटे बोलत नसतात; बाळाची प्रकृतीच घटकेत पालटत असते. बाहेरच्यांना मात्र आपल्यापासून काही दडविले जात आहे, असे वाटू लागते. संघर्षाची ठिणगी पडते ती येथे.

पुढे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली, राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबविले आणि झळ बसली ती निरपराध रुग्णांना. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. एका खासदाराने तेथील प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले. संताप रास्त होता. पण त्या अवमानाने एकाही बाळाच्या उशाशी एक परिचारिका वाढली नाही.

राज्यात २०१० पासून कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीची दुप्पट भरपाई, अशी त्यात तरतूद आहे. परंतु कायदा हात उगारल्यानंतर जागा होतो. विश्वास त्याआधी जोडावा लागतो. रोज ठरलेल्या वेळी एकाच जबाबदार डॉक्टरने आईवडिलांशी बसून बोलावे. परिचारिकेने सोबत असावे, म्हणजे दोघांच्या सांगण्यात अंतर पडणार नाही. धोका पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा. खर्चाची चर्चा समाजसेवा अधीक्षकांनी वेगळी करावी. मतभेद झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत रुग्णालयानेच सुचवावे. लंडनच्या चार्ली गार्ड या बालकाच्या उपचारांचा वाद २०१७ मध्ये न्यायालयात गेला, तेव्हा न्यायमूर्तींनीही अशा प्रकरणांत मध्यस्थीचा प्रयत्न व्हावा, असे मत नोंदविले होते.

असा मध्यस्थ आपल्याकडे वस्तीवस्तीत आहे. रुग्णालयातून पहिला फोन कार्यकर्त्यालाच येतो. तो जमाव घेऊन जातो, की घरातील एका समंजस व्यक्तीसह डॉक्टरांसमोर बसतो, यावर पुढचे सारे ठरते. प्रश्न जरूर विचारावेत, कागदपत्रे मागावीत, हलगर्जी दिसल्यास रीतसर तक्रार करावी. मात्र त्याच दारामागे शेजारच्या खाटांवर इतरांचीही लेकरे श्वासासाठी झुंजत आहेत, हे भान क्षणभरही सुटता कामा नये.