वेगळा पेला

आमच्या खारघरातील एका गृहनिर्माण संस्थेची सभा परवा पार पडली. सभेनंतर चहा आला, तो सभासदांस चिनी मातीच्या कपबशांतून आणि पहारेकरी व झाडणारी बाई यांस कागदी पेल्यांतून. आम्ही कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "स्वच्छता!" या एका शब्दाचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

कागदी पेल्याचा प्रसार आरोग्याच्या नावाने झाला, हे आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेत आगगाडीत व शाळांत पाण्याजवळ ठेवलेला एकच पेला साऱ्यांच्या तोंडी लागे. त्यातून क्षयासारखे रोग पसरतील या भीतीने १९०९ साली कॅन्सास राज्याने तो बंद केला आणि कागदी पेल्यास बरे दिवस आले. परंतु तेथे सामाईक पेला काढला तो सर्वांसाठी. अमक्याचे ओठ शुद्ध व तमक्याचे अशुद्ध, असा निवाडा त्या आरोग्यशास्त्राने केला नव्हता.

आमच्याकडे भांड्याचा विचार जंतूंपासून नव्हे, विटाळापासून सुरू झाला. पितळेचा तांब्या राखेने घासला की शुद्ध. मातीचे भांडे बाटले की फेकून द्यावयाचे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, त्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झाले व दोघांसही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या चहात कोणते जंतू होते? ज्या रायगड जिल्ह्यात आमचे खारघर आहे, त्याच जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले. तेथे तर मध्ये पेलाही नव्हता! तरी तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्याची शुद्धी केली. तमिळनाडूतील कित्येक चहाच्या दुकानांत दलितांसाठी निराळा पेला ठेवण्याची चाल स्वातंत्र्यानंतरही चालत राहिली. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली खरी. पण ओट्याखालच्या कपाटात कायदा कसा शिरणार?

कोणी म्हणेल, "कामाची माणसे दहा घरी जातात, त्यांच्यापासून रोग यावयाचा." मग दिवसभर रोग्यांत वावरणारे डॉक्टर घरी आले, म्हणजे आपण त्यांच्यापुढे सर्वांत उंची कपबशी का ठेवतो? आणि ज्या बाईने घासल्यावाचून आमचा पेला आम्हांस स्वच्छ वाटत नाही, तिचे ओठ लागताच तो अस्वच्छ कसा होतो? हातांनी शुद्धी आणि ओठांनी विटाळ, हे कोणते शास्त्र?

हा दोष केवळ शेजाऱ्यांच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. कान तुटलेला एक कप आमच्याही घरी वर्षानुवर्षे वेगळा ठेवलेला होता. महाविद्यालयात मिल्लचे ग्रंथ शिकवून आम्ही घरी येत होतो, आणि तो कप कोणासाठी आहे हे ठाऊक असूनही त्याविषयी चकार शब्द काढीत नव्हतो. सभेतील त्या उत्तराचा आम्हांस इतका राग आला, याचे हेही एक कारण असावे.

आमचे मागणे लहानसे आहे. पुढच्या सभेत कागदी पेले आणावयाचे असतील, तर पहिला पेला अध्यक्षांच्या हाती द्यावा. आणि कपबशाच काढावयाच्या असतील, तर त्या मोजताना पहारेकरी व झाडणारी बाई यांसही मोजावे. हे पटत नसेल, तर निदान स्वच्छतेचे नाव तरी पुढे करू नये.