निषिद्ध टेकडीवरचे नगर

तस्कनीची सहल करून आलेला मराठी गृहस्थ सान जिमिन्यानोच्या बुरुजांचे आणि सिएनाच्या उतरत्या चौकाचे वर्णन करताना थकत नाही. परंतु तोच गृहस्थ लेकीकडे सिंगापुरास आला म्हणजे सेंतोसा, मरलायन आणि मुस्तफाचे दुकान यांपलीकडे येथे पाहण्याजोगे काही असेल अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही, कारण १८१९ साली रॅफल्सने पाऊल ठेवले तोच या बेटाच्या इतिहासाचा आरंभ, असे त्याने गृहीत धरलेले असते. ही समजूत निराधार आहे, आणि ती दूर होण्यास भर शहरातली फोर्ट कॅनिंगची ठेंगणी टेकडी पुरेशी आहे.

मलय राजवंशाच्या बखरीत संग नील उत्तम नावाच्या राजपुत्राने येथे नगर वसविल्याची कथा आहे. परंपरा त्याचे साल १२९९ सांगते; म्हणजे देवगिरीवर रामदेवराय यादवाची कारकीर्द चालू होती आणि ज्ञानेश्वरी सिद्ध होऊन एक तपही उलटले नव्हते, असा तो काळ. राजपुत्र खरा की कल्पित हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. नगर मात्र खरे होते. १८२२ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन क्रॉफर्ड टेकडीवर चढला, तेव्हा त्याला विटांचे चौथरे, जुनी फळझाडे, खापरांचे ढीग आणि सोंग राजवटीची चिनी नाणी आढळली, आणि खाली पायाशी सोळा फूट रुंद असलेला एक प्राचीन तट त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविला. गतकालीन राजांच्या धाकाने मलय लोक या ‘बुकित लारांगान’वर, म्हणजे निषिद्ध टेकडीवर, जाण्यास धजत नसत. कंपनी सरकारास असला धाक नव्हता. आधी रॅफल्सचा बंगला झाला. मग सत्तावनच्या बंडामुळे आपल्या परिचयाचा झालेला जो लॉर्ड कॅनिंग, त्याच्या नावाचा किल्ला उठला, कारण १८६७ पर्यंत सिंगापूर हिंदुस्थान सरकारच्याच अंमलाखाली होते. पुढे तो किल्लाही बहुतांशी पाडून त्या जागी पाण्याचा तलाव बांधण्यात आला.

त्याच तलावाच्या खोदकामात १९२८ साली मजुरांच्या हाती सोन्याचे अलंकार लागले, आणि त्यांतील बाजूबंदावर जे कालमुख कोरलेले आहे ते पाहून मराठी मनुष्य क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही, कारण आपल्या देवळांच्या उंबरठ्यावर वटारलेल्या डोळ्यांनी बसलेल्या कीर्तिमुखाचे ते सख्खे भावंड आहे. चौदाव्या शतकातील हे जावानी घडणीचे काम टेकडीच्या पायथ्याशीच, राष्ट्रीय संग्रहालयात, ठेवलेले आहे.

१९८४ साली पुरातत्त्वज्ञ जॉन मिक्सिक यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन आरंभिले. त्यांतील एक खड्डा छपराखाली जपून ठेवला आहे. दिसायला तो सामान्य आहे. परंतु माझ्या मते सबंध टेकडीवर याहून मोलाचे स्थळ नाही. २०१९ साली उद्यानखात्याने जवळच संग नील उत्तमाच्या नावाची बाग केली आणि तीत जावानी धर्तीची दुभंग द्वारे उभारली. ती मोहक आहेत, लग्न ठरलेली जोडपी तेथे हौसेने छायाचित्रे काढून घेतात, आणि पाहुण्यास मात्र वाटते की राजवाड्याचा दरवाजाच शिल्लक राहिला! सरकारच्या हेतूविषयी मला संशय नाही. मात्र ही द्वारे आजची आहेत, असे ठळक अक्षरांत त्यांच्याच माथी लिहावयास हवे.

यावर कोणी इटलीचा दाखला देईल, तर तो माझ्याच बाजूचा आहे. सान जिमिन्यानोच्या मध्ययुगीन रूपावर मुसोलिनीच्या अमदानीतील डागडुजीचा हात फिरलेला आहे, आणि आरेत्सोची भालाईत घोडेस्वारांची जत्रा १९३१ साली नव्याने सुरू झालेली आहे. आपला प्रवासी मात्र या दोन्ही गोष्टी डोळे मिटून प्राचीन म्हणून स्वीकारतो. उभा बुरूज पाहून भक्तिभाव दाटणे सोपे आहे. नाहीसे झालेले नगर मनात रचण्यास वाचन लागते, आणि थोडा घामही, कारण सिंगापूरचे ऊन सकाळी दहानंतर कोणाचीच भीड ठेवीत नाही.

म्हणून येथील मराठी कुटुंबांस माझी सूचना अशी, की पाहुण्यांस आधी संग्रहालयातील बाजूबंद दाखवावा, मग तो खड्डा, आणि बागेतील द्वारे सर्वांत शेवटी. वेळ उरला नाही तर ती वगळलीत तरी चालेल.