गुलामांच्या देशात गुलामच दिसेनात

बायोवेअरच्या 'ड्रॅगन एज' मालिकेतला चौथा गेम, 'द व्हेलगार्ड', ३१ ऑक्टोबर २०२४ ला आला आणि इंटरनेटवर एकच बोंब उठली. कशासाठी? तर त्यातलं ताश नावाचं पात्र स्वतःला ना पुरुष मानतं, ना बाई. एवढ्यावरून म्हणे गेम बुडाला! मित्रांनो, ही टीका नव्हे, हा द्वेष आहे. या गोंगाटात खरी टीका मात्र दबून गेली.

२००९ चा 'ओरिजिन्स' आठवा. शहरातले एल्फ भिंतीआडच्या वेगळ्या वस्तीत राहतात आणि माणसांच्या घरी राबतात. ही वस्ती कशासारखी, हे तुम्हाला मी सांगायला नको. शहरी एल्फ म्हणून खेळायला बसलात की तुमच्याच लग्नाच्या दिवशी सरदाराचा पोरगा वस्तीतल्या बाया उचलून नेतो. पुढे साथीचं निमित्त करून त्याच वस्तीतली माणसं टेव्हिंटर साम्राज्याच्या गुलाम-व्यापाऱ्यांना विकली जातात. मंजुरी कुणाची? राज्याचा कारभार पाहणाऱ्या लोगेनची. युद्धाला पैसा हवा होता ना! २०१४ च्या 'इन्क्विझिशन'मध्ये टेव्हिंटरचा डोरियन, चांगला सुसंस्कृत माणूस, गरिबांशी तुलना करून गुलामगिरीची बाजू घेतो. ऐकताना रक्त खवळतं, पण असे सज्जन आपण पाहिलेले आहेत.

'व्हेलगार्ड' त्या टेव्हिंटरच्या राजधानीत, मिनरॅथसमध्ये नेतो. आणि तिथं काय दिसतं? गुलामगिरी आहे ती बोलण्यात, सापडलेल्या कागदांत. मालक आणि गुलाम समोरासमोर जवळजवळ येतच नाहीत. एल्फ भर रस्त्यात बिनधास्त फिरतो. सगळं पाप वेनाटोरी नावाच्या एका माथेफिरू पंथाच्या माथी मारून गेम मोकळा होतो.

माझा आक्षेप इथं आहे. काही माणसं वाईट होती, व्यवस्था ठीकच होती, हा युक्तिवाद कुणाच्या सोयीचा असतो? कुणी म्हणेल, गेम करमणुकीसाठी असतो, त्यात दुःख कशाला? चाबकाचे फटके दाखवा असं आम्ही म्हणतच नाही. पण 'शॅडो ड्रॅगन्स' हा गट गुलामगिरीविरुद्ध लढतो असं सांगता, तर ज्यांच्यासाठी तो लढतो ती माणसं तरी भेटू द्या. त्यांना चेहरा द्या, तोंड द्या.

गेमला अपेक्षेपेक्षा जवळपास निम्मेच खेळाडू मिळाले, असं इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्यावर कंपनीच्या प्रमुखांनी काढलेलं निदान काय, तर चांगल्या कथेच्या जोडीला खेळाडूंना एकत्र खेळण्याच्या सोयी हव्या आहेत. गुलामांचा विषय तिथंही निघाला नाही.