मागणीपत्र : कार्यालयीन समुपदेशनातील गोपनीयतेबाबत

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण
लोअर परळमधील सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय : कंपन्यांनी नेमलेल्या समुपदेशनात व्यावसायिक नीती बंधनकारक करणे.

महोदय/महोदया,

आम्ही लोअर परळ परिसरात काम करणारे मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक आहोत. १९८२च्या संपानंतर इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कमला मिल, फिनिक्स मिल यांच्या आवारांत आज कचेऱ्या आणि दुकाने आहेत. कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक नेमणाऱ्या कंपन्याही आहेत. ही सोय हवीच. मात्र फी कंपनी देते आणि मन मोकळे करतो कर्मचारी. समुपदेशक बांधील कोणाला, हे करारात स्पष्ट नसते.

कंपनीला जाणाऱ्या मासिक अहवालात नाव नसले, तरी विभाग, वयोगट, सत्रांची संख्या, तक्रारीचे स्वरूप असे रकाने असतात. चार जणांच्या विभागातल्या एकीने सहा सत्रे घेतली, कारण ‘वैवाहिक’, एवढे लिहिले की ती कोण हे कोणाला विचारावे लागत नाही. बढती, बदली, कपातीच्या याद्या करणाऱ्या टेबलावरच हा कागद पोचतो. एकदा बोभाटा झाला की दुसरा कर्मचारी आमच्या दाराशी फिरकत नाही.

कारखाने अधिनियम, १९४८ने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याचा पगार मालक देतो हे कामगार जाणून असे आणि बेतानेच बोले. समुपदेशनात बेताने बोलून भागत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७चे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. त्याच्या अपवादांत जीविताचा धोका आहे, न्यायालयाचा आदेश आहे. मालक कुठेही नाही. पण हे कलम मानसिक आजार असलेल्या व्यक्तीपुरते आहे. झोप लागत नाही, घरी पटत नाही म्हणून आलेला कर्मचारी त्यात बसेलच असे नाही. कलम ५५ची नोंदणीही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार परिचारिका व मानसोपचार सामाजिक कार्यकर्ते यांची. इतर समुपदेशक तिच्याबाहेर राहतात. कार्यालयीन समुपदेशन नेमके याच फटीत सापडते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. कंपनीला सत्रांची केवळ एकूण संख्या कळवावी. विभागवार तपशील मागू नये. बिलावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा. सत्र काचेच्या केबिनमध्ये घेऊ नये.

२. पहिल्या सत्राआधी कर्मचाऱ्याला कळणाऱ्या भाषेत लेखी संमतीपत्र द्यावे. गोपनीयता कधी सुटते हेही त्यात असावे : जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, किंवा बालकावरील लैंगिक अत्याचार, जो कळवणे पॉक्सो कायद्याने सक्तीचे आहे.

३. जो समुपदेशन करतो त्याच्याकडूनच ‘कामास योग्य’ असा दाखला मागू नये. त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमावा.

४. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक येतात. त्यांची राज्यातील नोंदणी विनाविलंब मार्गी लावावी. तोवर प्रत्येकाने आपली पदवी व प्रशिक्षण दर्शनी भागात लावावे.

५. गोपनीयता भंगाची तक्रार कर्मचाऱ्याला कंपनीबाहेर करता यावी, यासाठी प्राधिकरणाने व्यवस्था उभारावी. समुपदेशकाविरुद्धची तक्रारही तिथेच चालावी.

या नीतीची सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणार नाही, नातेवाईक वा सहकाऱ्यांचे समुपदेशन करणार नाही, आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली आपले काम नियमित तपासून घेऊ.

प्राधिकरणाने कंपन्या, कर्मचारी प्रतिनिधी व आम्ही अशी एकत्र बैठक लवकरात लवकर बोलवावी, ही विनंती. तोवर कर्मचाऱ्याची ओळख उघड करणारा अहवाल मागणाऱ्या कंपनीचे काम आमचा एकही सभासद स्वीकारणार नाही.

आपले विश्वासू,
लोअर परळ परिसरातील मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक