प्राण वाचले, कान गेले

औषध शरीरात गेल्यावर पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न रुग्ण सहसा विचारीत नाही. ताप उतरला, खोकला थांबला की औषधाचे काम संपले आणि औषधही संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. कानाच्या बाबतीत ही समजूत घातक ठरू शकते, हे प्रयोगशाळांनी सिद्ध केले आहे. डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या खाणपट्ट्यातील गावांना तर या संशोधनाशी निकटचे कर्तव्य आहे.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले प्रभावी औषध १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांनी शोधून काढले. त्याने असंख्य प्राण वाचविले. परंतु काही रुग्णांचा तोल आणि काहींची श्रवणशक्ती त्याने हिरावून घेतली, हेही लवकरच ध्यानात आले. त्याच कुळातील कानामायसिन, ॲमिकासिन व जेंटामायसिन यांचा दोषही तोच. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांनी २०१३ साली क्षयाच्या उपचारात आपली श्रवणशक्ती गमावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कानामायसिन वापरू नये असे सांगितले. तोवर अनेकांचे नुकसान होऊन गेले होते.

असे का घडते? ही औषधे मूत्रपिंडावाटे जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडतात. मूत्रपिंड निरोगी असल्यास रक्तातील त्यांचे प्रमाण दोन-तीन तासांत निम्म्यावर येते. अंतःकर्णात मात्र ती दीर्घकाळ रेंगाळतात आणि तेथील सूक्ष्म केशपेशींचा नाश करतात. प्रत्येक कानात अशा सुमारे १५ हजार पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. घरातले बोलणे कळत असते, म्हणून रुग्णाला हानीचा पत्ताच लागत नाही. कर्करोगावरील सिस्प्लॅटिन कानात कित्येक महिने, किंबहुना वर्षे टिकून राहते, असे २०१७ साली अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या व मानवी कानांच्या तपासणीतून दाखविले. तात्पर्य, रक्ताच्या चाचणीवरून कानाची अवस्था कळत नाही. औषधशास्त्रज्ञ, कर्णतज्ज्ञ, ध्वनिशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकीचे अभ्यासक एकत्र बसल्याखेरीज हे कोडे सुटणारे नव्हते. मातेकडून येणाऱ्या एका जनुकीय दोषामुळे अल्प मात्राही काहींना बहिरे करते, हे १९९३ साली उघड झाले, तेही अशाच सहकार्यातून.

आता आमच्या दारचा प्रश्न. कानामायसिन आणि कर्कश आवाज एकत्र आले की हानी दोहोंच्या बेरजेहूनही अधिक होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. खाणी २०१२ आणि २०१८ साली बंद पडल्या, आणि आता काही ठिकाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. यंत्रांपाशी आणि खनिजवाहू टिपरांवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या कानांवर आधीच भार आहे. सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांत साचली की क्षयाचा धोका वाढतो, हेही सर्वमान्य आहे. अशा माणसाला उद्या गंभीर संसर्गासाठी ॲमिकासिन द्यावे लागले, तर डॉक्टरांनी त्याच्या कामाची चौकशी केली काय, हा प्रश्न गौण नव्हे.

ही औषधे वर्ज्य करावीत, असे आमचे म्हणणे नाही. नवजात अर्भकाचा प्राण वाचविणारे जेंटामायसिन नाकारणे हा शहाणपणा ठरणार नाही. परंतु उपचारापूर्वी व उपचार चालू असताना श्रवणचाचणी, तसेच मूत्रपिंडाची तपासणी, हा नियम व्हावयास हवा. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, पणजीचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि गोवा विद्यापीठ यांनी एकत्र येऊन खाणपट्ट्यातील कानांचा अभ्यास हाती घ्यावा, आणि श्रवणचाचणीची सोय तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध करून द्यावी. गेलेला कान कोणतेही सरकार परत देऊ शकत नाही. तो वाचविण्याची जबाबदारी मात्र सरकारला टाळता येणार नाही.