मशरूमला एकदा तवा द्या!

मेस कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मेन्यूतून मशरूम काढायचा ठराव येतोय म्हणे. कारण काय, तर ‘पोरं खात नाहीत, टाकून देतात.’ खरंय, टाकतात. बुधवारच्या त्या लालभडक रश्श्यात रबरी वॉशरसारखं काहीतरी तरंगत असतं आणि आपण ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणत ताट सरकवतो. पण मित्रहो, यात मशरूमचा काय दोष?

ज्यांचा थर्मो अजून निघायचाय त्यांच्यासाठी सांगतो. बटन मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मेसवाले काका ८-१० किलो एकदम खोल कढईत ओततात, वर लगेच मीठ. पाणी सुटतं आणि ते आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही. म्हणजे मशरूम भाजलं जात नाही, नुसतं उकडतं. मग चव कुठून आणणार? ओता मसाला!

त्यापेक्षा चपात्या झाल्यावर तो भलामोठा तवा तापलेलाच असतो ना? त्यावर तेल, जाड कापलेलं मशरूम, थोडं थोडं, एकावर एक न चढवता. पाणी उडून कडा तांबूस झाल्या की मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण. लसूण शेवटीच, आधी टाकला तर करपून कडू होतो. आणि ठेचलेलाच हवा, कारण पेशी फुटल्यावरच त्यातलं ॲलिसिन तयार होतं. डब्यातल्या पेस्टला तो वास नाही.

‘मशरूम व्हेज की नॉनव्हेज’ हा वाद रात्री दोनपर्यंत चालतो. व्हिटेकरने १९६९ सालीच बुरशीला वनस्पती आणि प्राण्यांपासून वेगळी सृष्टी देऊन टाकली, तेव्हा दोन्ही पार्ट्या हरल्या. जैन मित्रांना मशरूमही चालत नाही, लसूणही नाही. त्यांच्यासाठी दुसरी भाजी हवीच, आणि ती बटाट्याची नको. पण बाकीच्या व्हेजवाल्यांनी चिकनच्या दिवशी पनीरचे चार तुकडे मोजत का बसावं?

कोकणातल्या पोरांना अळंबी आणि विदर्भातल्यांना सात्या नव्याने सांगायला नकोत. मात्र हॉस्टेलमागे उगवलेल्या छत्र्यांच्या वाटेला कुणी जाऊ नका. सोबत शिजवलेला लसूण काळा पडला तर विषारी, नाहीतर खुशाल खा, ही ऐकीव परीक्षा साफ खोटी आहे.

ठरावावर हात वर करण्याआधी एका बुधवारी दोन किलोचा प्रयोग होऊ द्या. लसूण सोलायला मी येतो. पहिली प्लेट रेक्टर सरांची.