किन्नरांना वेलबुट्टी समजू नका

किन्नर-किन्नरी म्हणजे लेण्यांतली रिकामी जागा भरायला काढलेली नक्षी, असं आपल्याकडच्या कलारसिकांनी परस्पर ठरवून टाकलंय. मला हे साफ नामंजूर आहे. कमरेखाली पक्षी आणि वर माणूस असलेल्या या जिवांच्या कथा बौद्ध वाङ्मयातल्या सर्वांत झोंबणाऱ्या कथांपैकी आहेत, आणि त्या झोंबतात आपल्यासारख्या सबंध माणसांना. म्हणूनच त्या सोयीस्करपणे विसरल्या गेल्या, असं मी म्हणतो.

बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांमधलं चंदकिन्नर जातक घ्या. हिमालयात चंद किन्नर आणि त्याची बायको ओढ्याकाठी गाण्या-नाचण्यात रमलेली असतात. वाराणसीचा राजा शिकारीला येतो, तिच्यावर भाळतो आणि बाण सोडतो तो तिच्या नवऱ्यावर. प्रेत समोर पडलेलं असताना हा गृहस्थ तिला पट्टराणी करायची भाषा करतो! ती त्याला तोंडावर शाप देते, त्याचं राज्य झिडकारते आणि मग सरळ देवांनाच जाब विचारते: जगाचे रक्षक म्हणवता, मग आहात कुठे? शेवटी शक्राला, म्हणजे इंद्राला, खाली यावं लागतं आणि चंद पुन्हा उठतो. कपिलवस्तूत यशोधरेच्या निष्ठेबद्दल बोलताना बुद्धांनी ही कथा सांगितली, असं जातक म्हणतं. आता या कथेत जनावर कोण, हे ज्यानं त्यानं सांगावं.

दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहातली किन्नरी मनोहरा तर याहून भोगते. पारधी तिला पाशात पकडतो, राजपुत्र सुधनाला नजर करतो. सुधन लढाईवर गेला की राजपुरोहित यज्ञासाठी किन्नराची चरबी मागतो, आणि सासरा सुनेचा जीव द्यायला तयार होतो. ती उडून माहेरी जाते, द्रुमराजाच्या नगरीत. नवऱ्याला डोंगर-नद्या तुडवत तिच्यामागे जावं लागतं.

जावातल्या बोरोबुदूरच्या शिल्पकारांनी ही कथा दगडात क्रमानं कोरली. दक्षिण थायलंडचं नोरा नृत्यनाट्य मनोहरेच्याच कथेतून वाढलं. २०२१ साली ते युनेस्कोच्या यादीत गेलं. आणि आपण? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या भोवतालच्या डोंगरात किन्नर आहेत, वाद्यं घेऊन. मी तिथे उभा असताना मार्गदर्शकाचा टॉर्च बोधिसत्त्वाच्या मुकुटावर आणि डोळ्यांवर मनसोक्त रेंगाळला, किन्नरांवरून झर्रकन पुढे सरकला. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘ते असंच, शोभेला.’ त्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? त्याला शिकवणाऱ्यांनीच किन्नरांना शोभेत जमा केलंय.

पुराणांचीही यात जबाबदारी आहे. किन्नर-किंपुरुषांना त्यांनी बहुधा कुबेराच्या परिवारात गायला बसवलं. यक्ष, गंधर्व, किन्नर अशी नावांची रांग लावली की काम झालं. घोडमुखा तुंबर आपल्याला नारदाचा जोडीदार म्हणून ठाऊक, त्यापलीकडे त्याला काही दुखतं-खुपतं का, याची चौकशी नाही. बौद्ध कथाकारांनी मात्र या अर्धमानवांना घर दिलं, संसार दिला आणि राजाला सुनावणारी जीभ दिली.

त्यात आता हे जीव म्हणजे प्राचीन जनुकविज्ञानाचा पुरावा, असं छाती फुगवून सांगणारे निघालेत. या लोकांचा मला मनस्वी संताप येतो. विधवा झालेली किन्नरी देवांना जाब विचारतेय आणि यांना तिच्या पिसांतून प्रयोगशाळा शोधायचीय! पुराव्याच्या नावानं तर शून्य आहेच, पण कथा वाचायचीही तसदी नाही.

मराठीत हे उपलब्ध नाही, ही सबब कुणी सांगू नये. दुर्गाबाई भागवतांनी जातकं मराठीत आणून ठेवली आहेत, आयुष्याची वर्षं घालून. ते खंड कपाटातून काढा. चंदकिन्नर जातक शाळेतल्या पोरांना वाचून दाखवा, अख्खं. राजाला दिलेला शाप आणि देवांना विचारलेला जाब गाळून केलेली बाळबोध आवृत्ती नको.